इंधन इंजेक्टर स्वच्छता

इंधन इंजेक्टर स्वच्छता ही वाहनाच्या इंजिनात इंधन फवारणाऱ्या इंजेक्टरच्या तोंडाशी, चाळणीत किंवा अंतर्भागात साचलेले थर काढून टाकण्याची देखभाल प्रक्रिया होय. इंधनाच्या टाकीत स्वच्छक द्रव मिसळून, इंजिनाला बाहेरून स्वच्छक द्रव पुरवून, अथवा इंजेक्टर सुटे करून श्राव्यातीत म्हणजेच अल्ट्रासोनिक ध्वनिलहरींच्या यंत्रात धुऊन ती केली जाते. इंजेक्टर खरोखर तुंबले असतील, तर ही प्रक्रिया नवे इंजेक्टर बसवण्यापेक्षा पुष्कळ स्वस्त पडते. मात्र कोणतेही लक्षण नसताना केवळ ठरावीक किलोमीटर पूर्ण झाले म्हणून केलेल्या स्वच्छतेचा खर्च इंधनबचतीतून भरून निघण्याची शक्यता कमी असते. त्यामुळे हा खर्च योग्य की अयोग्य हे वाहनाच्या वयापेक्षा आधी केलेल्या निदानावर अवलंबून राहते.

पार्श्वभूमी

पेट्रोल इंजिनात हवा व इंधन यांचे मिश्रण करण्याचे काम दीर्घकाळ कार्बोरेटर करीत असे. कार्बोरेटरमधील बारीक छिद्रे, ज्यांना जेट म्हणतात, धूळ व गाळाने वारंवार तुंबत. त्यामुळे प्रत्येक सर्व्हिसिंगच्या वेळी कार्बोरेटर उघडून साफ करण्याची पद्धत रूढ झाली. इंजेक्टरही ठरावीक काळाने साफ केलाच पाहिजे, ही समजूत बऱ्याच अंशी या जुन्या सवयीतून आलेली आहे. प्रत्यक्षात इंजेक्टर ही दाबाखाली चालणारी बंद व गाळणयुक्त व्यवस्था असल्याने तिचे वर्तन कार्बोरेटरपेक्षा वेगळे असते.

जर्मनीतील बॉश कंपनीने १९२७ मध्ये डिझेल इंजिनांसाठी इंधन अंतःक्षेपण पंपांचे नियमित उत्पादन सुरू केले. १९५४ मध्ये आलेल्या मर्सिडीज-बेंझ ३०० एसएल या मोटारीत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडणारी यांत्रिक व्यवस्था होती. १९६७ मध्ये बॉशची डी-जेट्रॉनिक ही इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाची प्रणाली फोक्सवॅगन १६०० या मोटारीत वापरात आली.

१९८० च्या दशकात अमेरिकेत इंजेक्टरयुक्त मोटारींची संख्या वाढली, तेव्हा इंजेक्टर तुंबल्याच्या तक्रारी मोठ्या प्रमाणावर पुढे आल्या. त्यावर उपाय म्हणून पेट्रोलमध्ये स्वच्छक रसायने मिसळण्यास प्रारंभ झाला. १ जानेवारी १९९५ पासून अमेरिकेत सर्व पेट्रोलमध्ये अशी रसायने मिसळणे बंधनकारक झाले. हे प्रमाण अपुरे असल्याचे मत असलेल्या बीएमडब्ल्यू, जनरल मोटर्स, होंडा व टोयोटा या वाहन उत्पादकांनी २००४ मध्ये 'टॉप टियर' नावाचे अधिक कठोर ऐच्छिक मानक पुढे आणले. इंजेक्टरची रचनाही याच काळात सुधारत गेली. म्हणून जुन्या मोटारींच्या अनुभवावर आधारलेले सल्ले आजच्या वाहनांना जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

भारतात २००० च्या सुमारास उत्सर्जनाचे नियम कडक होऊ लागले, तशी मोटारींमध्ये कार्बोरेटरची जागा इंजेक्टरने घेतली. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ मानके लागू झाल्यावर दुचाकी वाहनांतही इंधन अंतःक्षेपण जवळजवळ सार्वत्रिक झाले. परिणामी, पूर्वी केवळ मोटारमालकांपुढे असलेला इंजेक्टर स्वच्छतेचा प्रश्न आता स्कूटर व मोटारसायकल चालवणाऱ्यांपुढेही उभा राहतो.

रचना व कार्य

पेट्रोल इंजिनातील सर्वसाधारण इंजेक्टर म्हणजे विद्युतचुंबकाने उघडणारी एक सूक्ष्म झडप असते. इंजिनाचा नियंत्रक संगणक म्हणजेच ईसीयू विद्युतस्पंद पाठवतो, तेव्हा झडप काही सहस्रांश सेकंदांपुरती उघडते आणि दाबाखालील इंधन बारीक तुषारांच्या रूपाने बाहेर पडते. झडप किती वेळ उघडी राहते यावर इंधनाचे प्रमाण ठरते. इंधन प्रवेशमार्गात सोडणाऱ्या व्यवस्थेत हा दाब साधारणतः ३ ते ४ बार असतो. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडणाऱ्या व्यवस्थेत तो शंभर बारच्या पुढे, तर आधुनिक डिझेल कॉमन रेल व्यवस्थेत २,००० बारपर्यंत किंवा त्याहून अधिक जातो.

चार-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक दोन फेऱ्यांमागे इंजेक्टर सामान्यतः एकदा उघडतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने, मिनिटाला २,००० फेरे घेत जाणाऱ्या मोटारीचा प्रत्येक इंजेक्टर दर किलोमीटरमागे सुमारे १,००० वेळा उघडतो. या हिशेबाने एक लाख किलोमीटरमध्ये तो सुमारे १० कोटी वेळा उघडझाप करतो. एवढ्या आवर्तनांतही चांगला इंजेक्टर दीर्घकाळ टिकतो, तो इंधन गाळून येत असल्यामुळे.

इंजेक्टरमधून इंधन योग्य प्रमाणात येणे पुरेसे नसते. ते योग्य कोनात आणि पुरेशा बारीक तुषारांच्या रूपात येणेही आवश्यक असते. तुषाराऐवजी धार लागली, तर इंधनाचे नीट बाष्पीभवन होत नाही आणि ज्वलन अपूर्ण राहते.

थर साचण्याची कारणे

इंजेक्टरच्या टोकाशी थर साचण्याची क्रिया मुख्यतः इंजिन बंद केल्यानंतर घडते. चालू इंजिनात वाहते इंधन इंजेक्टरला थंड ठेवते. इंजिन बंद होताच हा प्रवाह थांबतो आणि तापलेल्या इंजिनाची उष्णता टोकापर्यंत पोहोचते. तेथे उरलेल्या इंधनाचा हलका भाग उडून जातो. मागे राहिलेल्या असंतृप्त हायड्रोकार्बनचे ऑक्सिडीकरण व बहुवारिकीकरण होऊन राळेसारखा चिकट थर तयार होतो. तेलाच्या भांड्याला किटण धरावे, तसाच हा प्रकार असतो.

त्यामुळे थोड्या अंतराच्या अनेक फेऱ्या मारणाऱ्या वाहनात थर लवकर साचतात. एका दमात लांबचा प्रवास करणाऱ्या वाहनात ते तुलनेने कमी असतात. इंजेक्टर तुंबण्याच्या अमेरिकन प्रमाणित चाचणीत याच तत्त्वाचा उपयोग केला जातो. तीत मोटार १५ मिनिटे चालवून ४५ मिनिटे तापलेल्या स्थितीत बंद ठेवली जाते, आणि हे चक्र १०,००० मैलांपर्यंत चालते. अमेरिकेच्या इंधन नियमांनुसार या चाचणीअखेर कोणत्याही इंजेक्टरचा प्रवाह ५ टक्क्यांहून अधिक घटता कामा नये.

इतर कारणांत पुढील बाबींचा समावेश होतो:

• दीर्घकाळ उभ्या असलेल्या वाहनातील शिळे पेट्रोल
• उघड्या बाटल्यांतून विकले जाणारे सुटे पेट्रोल व त्यातील धूळ
• पावसाळ्यात टाकीत शिरलेले पाणी आणि त्यामुळे धरलेला गंज
• वेळेवर न बदललेले इंधन फिल्टर

सीएनजीवर चालणाऱ्या मोटारींची स्थिती वेगळी असते. त्यांतील पेट्रोल इंजेक्टर बहुतेक वेळ निष्क्रिय असतात आणि टाकीतील पेट्रोल महिनोन्महिने तसेच राहते. अशा मोटारी अधूनमधून काही अंतर पेट्रोलवर चालवणे हिताचे ठरते. सीएनजीचे इंजेक्टर स्वतंत्र असून त्यांत गॅसबरोबर आलेल्या कॉम्प्रेसर तेलाचा अंश साचू शकतो.

लक्षणे

इंजेक्टर तुंबल्यास इंजिन सुरू होण्यास वेळ लागणे, उभ्या स्थितीत इंजिन थरथरणे, वेग घेताना अडखळणे, धुराचे प्रमाण वाढणे आणि इंधन जास्त लागणे ही लक्षणे दिसतात. गॅरेजच्या बोलीत यांना 'गाडी मिसिंग करते', 'पिकअप नाही', 'अॅव्हरेज पडले' असे म्हटले जाते.

यांपैकी एकही लक्षण केवळ इंजेक्टरचे नाही. झिजलेले स्पार्क प्लग, सदोष इग्निशन कॉइल, तुंबलेले एअर फिल्टर, प्रवेशमार्गातील हवेची गळती, दुबळा इंधन पंप किंवा टायरमधील कमी हवा यांमुळेही अशीच तक्रार उद्भवते. इंधनातील बदलामुळेही अॅव्हरेज घटते. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या तुलनेत प्रतिलिटर सुमारे एक-तृतीयांश कमी ऊर्जा असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या इथेनॉल मिश्रण आराखड्यात, इथेनॉलविरहित पेट्रोलसाठी रचलेल्या आणि १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकींची इंधनक्षमता २० टक्के इथेनॉलमुळे ६ ते ७ टक्क्यांनी घटेल, असा अंदाज दिला आहे. अशी घट इंजेक्टर कितीही साफ केले तरी भरून येत नाही.

निदान

निदानाचा क्रम स्वस्त व सोप्या तपासणीकडून महाग तपासणीकडे जाणारा असतो. प्रथम एअर फिल्टर, स्पार्क प्लग व इंधनाचा दाब पाहिला जातो. त्यानंतर वाहनाच्या निदान-जोडणीला स्कॅनर लावून नोंदलेले दोषसंकेत वाचले जातात. पी ०३०१ ते पी ०३०४ हे संकेत विशिष्ट सिलिंडरमधील ज्वलन चुकल्याचे, तर पी ०१७१ हा संकेत मिश्रणात इंधन कमी पडत असल्याचे दर्शवतो.

स्कॅनरवरील 'फ्युएल ट्रिम' हा आकडा विशेष उपयुक्त असतो. ऑक्सिजन संवेदकाच्या माहितीवरून ईसीयू इंधनाचे प्रमाण मूळ अंदाजापेक्षा किती टक्के वाढवत वा घटवत आहे, ते त्यावरून समजते. हा आकडा शून्याच्या आसपास असणे अपेक्षित असते. दोन्ही बाजूंना सुमारे १० टक्क्यांपर्यंतचा फरक सामान्यतः चिंतेचा मानला जात नाही. तो सातत्याने अधिक असल्यास पुढील तपास केला जातो.

ईसीयूच्या या भरपाईमुळे एक महत्त्वाची गोष्ट घडते. सर्व इंजेक्टर सारखेच थोडे तुंबले असतील, तर ईसीयू त्यांना किंचित अधिक वेळ उघडे ठेवून तूट भरून काढतो. चालकाला फरक जाणवत नाही आणि अॅव्हरेजही फारसे बदलत नाही. मात्र एकच इंजेक्टर इतरांपेक्षा अधिक तुंबला असेल, तर सर्वांसाठी केलेली सरासरी भरपाई अपुरी ठरते. एका सिलिंडरला इंधन कमी पडते आणि इतरांना जास्त मिळते. इंजिनाचा खरा त्रास या विषमतेतून सुरू होतो.

ही विषमता शोधण्यासाठी प्रत्येक इंजेक्टर समान वेळ उघडून इंधन-नळीतील दाब किती घटतो ते मोजतात. संशयित इंजेक्टर दुसऱ्या सिलिंडरवर बसवून दोष त्याच्याबरोबर सरकतो का, हेही पाहता येते. इंजेक्टरच्या वेटोळ्याचा विद्युतरोधही तपासला जातो. प्रवेशमार्गात इंधन सोडणाऱ्या बहुतेक इंजेक्टरमध्ये तो १२ ते १६ ओहम असतो. वेटोळेच जळालेले असल्यास कोणत्याही स्वच्छतेचा उपयोग होत नाही.

स्वच्छतेच्या पद्धती

टाकीतील द्रव: पॉलिइथर अमाइन किंवा तत्सम रसायन असलेला द्रव पेट्रोलमध्ये मिसळला जातो व इंजिन चालताना तो हळूहळू थर विरघळवतो. ही सर्वांत स्वस्त पद्धत असून हलक्या थरांवर ती उपयोगी पडते. पूर्ण तुंबलेल्या इंजेक्टरमधून प्रवाहच जात नसल्याने तेथे तिचा प्रभाव पडत नाही. बाटलीवरील प्रमाणापेक्षा अधिक द्रव ओतल्याने अधिक लाभ होत नाही.

वाहनावरच केलेली स्वच्छता: यात वाहनाचा इंधन पंप बंद ठेवून इंधन-नळीला स्वच्छक द्रवाचे दाबयुक्त पात्र जोडतात आणि इंजिन काही काळ त्या द्रवावर चालवतात. टाकीतील द्रवापेक्षा हे द्रावण तीव्र असते. इंजेक्टर बाहेर काढावे लागत नसल्याने श्रम वाचतात. परंतु प्रत्येक इंजेक्टरचा प्रवाह आधी किती होता व नंतर किती झाला, हे यातून कळत नाही.

सुटे करून केलेली स्वच्छता: यात इंजेक्टर काढून चाचणी-यंत्रावर बसवले जातात आणि त्यांचा प्रवाह, तुषाराचा आकार व गळती तपासली जाते. त्यानंतर ते श्राव्यातीत लहरींच्या द्रवपात्रात ठेवून विद्युतस्पंदांनी उघडझाप करीत धुतले जातात. द्रवात निर्माण होणारे असंख्य सूक्ष्म बुडबुडे फुटताना थर सुटतो. शेवटी आतील चाळण्या व रबरी ओ-रिंग बदलून पुन्हा मोजमाप घेतले जाते. ही पद्धत सर्वांत खर्चिक असली, तरी परिणामाचा पुरावा हीच देते. उदाहरणार्थ, समान वेळात चार इंजेक्टरमधून ५०, ४९, ४३ व ५० मिलिलिटर द्रव आल्यास तिसरा सर्वोच्च मापापेक्षा १४ टक्क्यांनी मागे आहे. स्वच्छतेनंतर ही मापे ५०, ५०, ४९ व ५० झाली, तर फरक २ टक्क्यांवर येतो. मापे सुधारली नाहीत, तर तो इंजेक्टर बदलणे हाच मार्ग उरतो.

'थ्रॉटल बॉडी स्वच्छता' आणि 'डिकार्बोनायझेशन' या वेगळ्या सेवा आहेत. बिलात त्या अनेकदा इंजेक्टर स्वच्छतेबरोबर एकत्र दाखवल्या जातात.

खर्च व लाभ यांचा हिशेब

सेवेचा दर शहर, वाहन व पद्धतीनुसार बदलतो. त्यामुळे निश्चित रकमेपेक्षा हिशेबाची रीत अधिक उपयोगी ठरते. पुढील उदाहरणांतील आकडे केवळ गणितासाठी गृहीत धरलेले आहेत.

एखादी मोटार वर्षाला १०,००० किलोमीटर चालते व प्रतिलिटर १५ किलोमीटर जाते असे मानल्यास तिला सुमारे ६६७ लिटर पेट्रोल लागते. दर १०० रुपये धरल्यास वार्षिक खर्च ६६,७०० रुपये होतो. इंजेक्टर स्वच्छतेला २,००० रुपये लागत असतील, तर ती रक्कम एका वर्षात वसूल होण्यासाठी पेट्रोलमध्ये ३ टक्के बचत व्हावी लागेल. इंजेक्टर मुळात चांगल्या स्थितीत असतील, तर एवढी बचत होण्यास वाव नसतो. बचत १ टक्काच झाली, तर वसुलीला तीन वर्षे लागतील.

याच मोटारीचे अॅव्हरेज तुंबलेल्या इंजेक्टरमुळे १५ वरून १३.५ वर आले असेल, तर वर्षाला सुमारे ७४ लिटर म्हणजे ७,४०० रुपयांचे पेट्रोल अधिक लागते. अशा वेळी २,००० रुपयांचा खर्च साधारण सव्वातीन महिन्यांत भरून निघतो.

दुचाकीचे गणित आणखी वेगळे असते. वर्षाला ६,००० किलोमीटर चालणारी व प्रतिलिटर ५० किलोमीटर जाणारी दुचाकी १२० लिटर म्हणजे १२,००० रुपयांचे पेट्रोल वापरते. तिच्यासाठी ५०० रुपयांची स्वच्छता वर्षभरात वसूल होण्यास ४ टक्क्यांहून अधिक बचत आवश्यक असते. इंधनाचा एकूण वापर जितका कमी, तितकी वसुली अवघड होते.

इंधनबचत हा एकमेव निकष नाही. ज्वलन वारंवार चुकत असताना वाहन चालवत राहिल्यास न जळलेले इंधन एक्झॉस्टमधील उत्प्रेरक परिवर्तकात म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तेथे जळते. त्यामुळे तो अतितप्त होऊन निकामी होऊ शकतो. हा भाग अत्यंत महाग असतो. म्हणून लक्षणे स्पष्ट असताना स्वच्छता टाळणे हे लक्षणे नसताना ती करून घेण्याइतकेच तोट्याचे ठरते.

थेट इंजेक्शन व डिझेल इंजिने

पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडणाऱ्या इंजिनात इंधन प्रवेश-झडपांवरून वाहत नाही. त्यामुळे झडपांवर साचलेला कार्बन टाकीतील द्रवाने किंवा इंजेक्टर स्वच्छतेने निघत नाही. त्यासाठी अक्रोडाच्या टरफलांची भरड हवेच्या दाबाने मारण्यासारखी वेगळी पद्धत वापरली जाते. या इंजेक्टरचे टोक ज्वलनकक्षात असल्याने त्यांची विशेष सील प्रत्येक वेळी बदलावी लागते.

डिझेल कॉमन रेल इंजेक्टर अतिशय सूक्ष्म मापांत बनवलेले असतात. त्यांच्या तपासणीसाठी उच्च दाबाचे खास चाचणी-यंत्र लागते. अनेक प्रकारांत प्रत्येक इंजेक्टरवर त्याच्या प्रवाहगुणांचा सांकेतिक क्रमांक कोरलेला असतो. नवा इंजेक्टर बसवल्यावर तो क्रमांक ईसीयूत नोंदवावा लागतो. साध्या गॅरेजमधील पेट्रोल इंजेक्टरचे यंत्र या कामास अपुरे असते.

जोखीम

इंजेक्टर काढण्यापूर्वी इंधन-नळीतील दाब सोडणे अनिवार्य असते. जुन्या ओ-रिंग तशाच बसवल्यास तप्त इंजिनावर इंधन गळून आग लागण्याचा धोका संभवतो. कॉमन रेल व थेट इंजेक्शन व्यवस्थेतील उच्चदाबाची इंधनाची धार त्वचा भेदून शरीरात शिरू शकते. अशी इजा वरून किरकोळ दिसली, तरी तिच्यावर तातडीने वैद्यकीय उपचार आवश्यक असतात. त्यामुळे ही कामे घरी करणे सुरक्षित मानले जात नाही.

प्रतिबंध

चांगल्या विक्रीकेंद्रातील इंधन वापरणे, फिल्टर उत्पादकाने सांगितलेल्या अंतरावर बदलणे, टाकी सतत रिकामी होत आलेल्या स्थितीत न ठेवणे आणि अधूनमधून सलग लांब अंतर वाहन चालवणे हे प्रमुख उपाय होत. वाहनासोबतच्या पुस्तिकेतील देखभाल-तक्त्यात तेल, फिल्टर व स्पार्क प्लग यांच्या बदलाचे अंतर दिलेले असते. इंजेक्टर स्वच्छता त्यात नियतकालिक काम म्हणून सहसा नसते. सर्व्हिस केंद्राने सुचवलेले काम या तक्त्यात आहे की नाही, हे वाहनधारकाला सहज पडताळता येते.

ग्राहकाची भूमिका

भारतातील ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेचा दर्जा, स्वरूप व किंमत यांची माहिती मिळणे हा ग्राहकाचा हक्क आहे. इंजेक्टर स्वच्छतेच्या बाबतीत याचा व्यवहारातील अर्थ असा, की काम कोणत्या लक्षणावरून व कोणत्या तपासणीनंतर सुचवले, पद्धत कोणती, आणि आधीची व नंतरची मापे काय, हे जॉब कार्डवर लिहून मागता येते. संमतीशिवाय केलेल्या कामाबद्दल किंवा सेवेतील उणिवेबद्दल प्रथम संबंधित केंद्राकडे लेखी तक्रार केली जाते. तेथे निवारण न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर किंवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते.